कोरी नळी

१

सोमवारी पानं कुटायची, मंगळवारी त्यांचा अर्क काढायचा, बुधवारी तो मशीनला लावायचा आणि शुक्रवारी मशीनने काय वाचलं ते बघत बसायचं. अकरा वर्षं माझा आठवडा असाच जातोय. पानं चहाची, पण मळ्यातली नव्हेत. इथून दोन तासांवर डोंगराच्या उतारावर रानचहाची झाडं आहेत. आपसूक उगवलेली, दोन मजले उंच झालेली, कुणी कधी कात्री न लावलेली. त्यांच्या पानांत कोणकोणते विषाणू राहतात ते शोधायचं आणि प्रत्येकाला त्याच्या घराण्यात नेऊन बसवायचं, हे माझं काम.

विषाणू म्हटलं की लोकांना ताप आठवतो. झाडांतले बहुतेक विषाणू बिचारे भाडेकरूसारखे गुपचूप राहतात, झाडाला पत्ताही नसतो. मशीन त्यांच्या जनुकांचा मजकूर वाचतं आणि आम्ही तो आधीच्या हजारो मजकुरांशी ताडून बघतो. बराचसा जुळला तर जुनाच गडी, फारसा नाही जुळला तर नवा. नव्याचा अर्ज भरायचा, लक्षणं लिहायची, नाव ठेवायचं. मी आजवर चौदा विषाणूंची नावं ठेवली आहेत. माझी नणंद म्हणते, "वहिनी, इतकी नावं ठेवता, मनातल्या मनात आम्हालाही ठेवत असालच." ठेवते, पण ते तिला कशाला सांगू?

पानांच्या नळ्यांबरोबर दर वेळी एक कोरी नळी असते. तिच्यात पान नाही, नुसतं शुद्ध पाणी. पण पानांचं जे जे करायचं ते सगळं तिचंही करायचं. तीच रसायनं, तेच हात, तेच मशीन. तिच्यातून शेवटी काहीच निघता कामा नये. निघालंच तर ते पानातलं नाही, प्रयोगशाळेतली धूळ-घाण आहे असं समजायचं. त्याची नोंद कचरायादीत करायची, आणि संगणक ते प्रत्येक पानाच्या निकालातून आपोआप वजा करतो. ही यादी मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी केली. दीडशेच्या आसपास ओळी असतील. त्यानंतर ती कुणी उघडून पाहिली नाही, मीही नाही. झाडून काढलेला केर कोण परत चिवडत बसतं?

२

यंदा आमचा संगणक बदलला. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे आकडेबुवा म्हणतात. माणूस सरळ, आकड्यांच्या बाहेर त्याला फारसं काही दिसत नाही. नव्या संगणकावर त्याने जुना सगळा पसारा हलवला आणि पहिल्याच शुक्रवारी धावत माझ्या खोलीत आला.

"मॅडम, एक्केचाळीस पानं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. सगळ्यांत एकच."

"एकच काय?"

"तेच तर. कशाशीच जुळत नाही. मी तीनदा ताडून पाहिलं."

मी पाहिलं. मजकूर लांबलचक होता, नीटस होता, सुरुवात आणि शेवट दोन्ही शाबूत. माहीत असलेल्या कुठल्याही विषाणूशी त्याची एक ओळही सलग जुळत नव्हती. म्हणजे नुसती नवी जात नव्हे, नवं घराणं. अशी गोष्ट आमच्या धंद्यात एखाद्याच्या आयुष्यात एकदा होते, बहुतेकांच्या होत नाही. आकडेबुवाने मला बसायला माझीच खुर्ची पुढे केली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो मोजणीदार आहे. जमिनी मोजतो, हद्दी ठरवतो, नकाशे काढतो. त्याला माझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकतो मन लावून. त्या दिवशीही जेवताना तो माझ्याकडे एकटक बघत होता. घास तोंडात तसाच.

"अरे, जेव ना. काय बघतोयस?"

"काही नाही गं. बघावंसं वाटतं."

लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याने असं म्हटलं तर तिला काय वाटेल? मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

३

अर्जात 'लक्षणं' असा एक रकाना असतो. झाडावर ठिपके पडतात, पान पिवळं पडतं, कडा मुडपतात, काय होतं ते लिहायचं. रानातल्या झाडांवर तर काहीच दिसलं नव्हतं. मग मी आमच्या रोपघरात गेले. रानचहाच्या बियांपासून केलेली साठ रोपं तिथे आहेत. बिनखिडक्यांची खोली, वर रांगेने दिवे. दर सोमवारी त्यांना पाणी मीच घालते, पण पाणी घालताना आपण झाडाच्या बुडाशी बघतो, झाडाकडे नाही.

रोपं हिरवीगार होती. ठिपका नाही, डाग नाही. मी भिंग घेऊन तासभर पानं तपासली आणि कंटाळून मागे सरकले तेव्हा दिसलं. साठही रोपं एका बाजूला कलली होती. रोप उजेडाकडे वळतं हे शाळेतलं पोरही सांगेल. पण दिवे डोक्यावर होते आणि रोपं कलली होती कोपऱ्याकडे, दाराकडे, मी उभी होते तिकडे.

मी मनाशी म्हटलं, दाराच्या फटीतून वारा येत असेल. भिंग ठेवायला पलीकडच्या टेबलाशी गेले, तिथे वीसेक मिनिटं टिपणं काढली. खोलीत पंख्याची घरघर होती आणि तिच्याखाली आणखी एक आवाज, ओला कागद उलगडावा तसा. मान वर केली तेव्हा रोपं सरळ उभी होती. मला हायसं वाटलं. घरी गेल्यावर लक्षात आलं, वीस मिनिटांत सरळ झालेली रोपं दाराकडून माझ्या टेबलाकडे वळताना अर्ध्या वाटेत होती. ती अजून वळायची होती.

४

दुसऱ्या दिवशी आकडेबुवा खाली मान घालून आला.

"मॅडम, चूक झाली. कचरायादी नव्या संगणकावर टाकायचीच राहिली."

"मग?"

"हा तुमचा नवा विषाणू यादीत आहे. एकविसावी ओळ. अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच टाकलाय. तो कोऱ्या नळीतही आहे."

म्हणजे पानांत काही नव्हतंच. घाण होती. एवढा मोठा शोध हातातून निसटला, याचं मला रडू यायला हवं होतं. उलट छातीवरचं ओझं उतरलं. घाणीमुळे रोपं कलत नाहीत, आणि रोपांचं मला भासलं असणार.

"टाक वजा करून," मी म्हटलं. "सोड विषय."

पण हा माणूस आकड्यांना सोडत नाही. तो उभाच राहिला. "एक विचारू? तीन वर्षांपूर्वी तुमचा पाय मोडला होता. अडीच महिने सगळं काम मीच केलं, आठवतं? तेव्हाच्या कोऱ्या नळ्या मी काढून पाहिल्या. त्यांत हा नाही. आणि तेव्हा मी उत्तरेच्या उतारावरची पानं आणली होती, जिथे तुम्ही कधी गेलाच नाहीत. त्या पानांतही नाही."

"आणि बाकीच्यांत?"

"जिथे जिथे तुमचा हात लागलाय, तिथे सगळीकडे."

तो हे अगदी साधेपणाने बोलला. हातमोजे फाटके असतील, साबण बदला, अशा सुरात. मी हसले. झाडाचा विषाणू माणसात राहत नाही हे मी स्वतः लोकांना शिकवत आले आहे. पण रानातली ती उंच झाडं मला आठवत राहिली. पहिल्या वर्षी मी एकेका खोडाला मिठी मारून घेर मोजला होता. हा विषाणू मी रानात शोधायला गेले होते, आणि रानात तो त्याआधी नव्हताच.

५

मला पुरावा हवा होता, भास नको होता. मी रोपघराच्या छताला कॅमेरा लावला आणि तीन दिवस मुद्दाम जागा बदलत बसले. पहिल्या दिवशी माझ्या खोलीत, जी रोपघराच्या पूर्वेला आहे. दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या भांडारघरात, खोक्यांवर टेबल मांडून. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर, बरोबर रोपांच्या डोक्यावर.

चित्रं बघायला मी आकडेबुवाला बोलावलं नाही. पहिल्या दिवशी साठही रोपं पूर्वेला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला. तिसऱ्या दिवशी ती इतकी ताठ उभी होती की काही कुंड्यांत मुळं मातीबाहेर ओढली गेली होती.

मग मी आत गेले आणि एका रोपापुढे तळहात धरला. पान आलं, हातावर टेकलं, आणि त्याच्यामागून दुसरं आलं. अगदी हळू, अगदी लाडाने. मी हात काढायला हवा होता. दहाएक मिनिटं मी तो तसाच धरला, कारण त्यात काहीतरी सुखाचं होतं, हे मी कबूल करते. रोप थांबलं नाही. पानं हाताशी पोचली तरी देठ पुढे रेटतच राहिले, पानं माझ्या कातडीवर चुरगळली, शेंडा मोडला. मोडलेला शेंडाही रेटत होता. चारच्या सुमारास ते रोप वाळून गेलं होतं. बाकीची एकोणसाठ छान होती.

तेव्हा पहिल्यांदा मला नवऱ्याची आठवण झाली. गेले चार-पाच महिने तो माझ्याकडे बघतोय. झोपेत माझी कूस बदलली की त्याची बदलते. मी स्वयंपाकघरात असले तर तो बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पेपर वाचतो. मी त्यावरून त्याला चिडवायचे.

६

त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मानेचा फोटो काढला, तो स्वच्छ. मी सगळं सांगायचा प्रयत्न केला, निदान सांगण्यासारखं तेवढं. डॉक्टर म्हणाला, "बायकोकडे बघत राहणं हा आजार असेल, तर माझ्या घरचे म्हणतील मलाही होऊ दे." नवरा हसला. डॉक्टरकडे न बघता हसला.

घरी येऊन मी त्याला काहीही न लपवता सांगितलं. रोपांचं, नळ्यांचं, वाळलेल्या शेंड्याचं. तो घाबरला नाही. त्याने आपलं होकायंत्र काढलं.

"हे बघ, मी मोजणीदार आहे. एका रेषेने काही कळत नाही, दोन रेषा लागतात."

चार दिवस तो दर दोन तासांनी दोन वेगळ्या जागी जाऊन डोळे मिटून बसायचा, मान जिकडे आपोआप जाईल तिकडची दिशा टिपायचा, आणि आपण कुठे बसलोय ते नकाशावर मांडायचा. मी त्या वेळी कुठे होते ते मी वेगळ्या वहीत लिहायचे. रविवारी आम्ही जेवणाचं टेबल पुसून नकाशा पसरला आणि त्याने पट्टीने रेषा ओढल्या. त्या प्रयोगशाळेत छेदल्या, भाजीबाजारात छेदल्या, बँकेत छेदल्या. जिथे मी होते तिथे. एकदा मी प्रयोगशाळेच्या फाटकापासून परत फिरले होते, तेही त्याच्या रेषेत आलं होतं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "काम चोख झालंय," तो म्हणाला. मग पट्टी पुसत, "तू घरात नसलीस ना, की मला भिंती पातळ वाटतात गं. वाटतं, जरा जोर लावला तर पलीकडे जाईन."

आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपायला लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर तो मधल्या भिंतीला कपाळ लावून उभा होता. जागा होता. कपाळाचं कातडं सोललं होतं. मला बघून म्हणाला, "किती वाजले?" त्याच दिवशी मी नणंदेला फोन केला.

७

नणंद धरणाच्या पलीकडे राहते. नकाशावर वीस किलोमीटर, रस्त्याने चाळीस. अंतर पडलं तर ओढ कमी होईल असा माझा हिशोब होता. त्याला आधार काही नव्हता, पण दुसरं करणार काय? तिला मी एवढंच सांगितलं की दादाला थकवा आहे, विश्रांती हवी.

पहिले काही दिवस बरे गेले. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "आज साडेअकराला बाजारात गेली होतीस. बरोबर?" बरोबर असायचं. आम्ही हसायचो. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "खुर्ची खिडकीशी लावून घेतलीय." मग फोन ठेवला नाही, नुसता धरून राहिला. श्वास ऐकू येत होता. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले तेव्हा तिकडे खुर्चीचे पाय फरशीवर सरकल्याचं ऐकू आलं.

मी त्या आठवड्यात स्वतःची नळी केली. गालाच्या आतून कापूस फिरवला आणि पानांसारखंच सगळं केलं. शेजारी आकडेबुवाचाही नमुना लावला, ताडून बघायला. त्याच्या नळीत शंभर तुकड्यांपैकी नव्वद माणसाचे होते, बाकी तोंडातले नेहमीचे जंतू. अर्धा टक्का तो विषाणू. म्हणजे त्यालाही शिवला होता. मला तेव्हा आठवलं की त्याने महिन्याभरापूर्वी आपलं टेबल फिरवून घेतलं होतं, उजेड बरा येतो म्हणून.

माझ्या नळीत शंभरातले शहाण्णव तुकडे त्या विषाणूचे होते. उरलेल्या चारांत सगळे जंतू आणि मी.

मशीन जुनं आहे. नमुना थोडा होता. एका निकालावर कुणी काही ठरवत नाही. हे सगळं मी मोठ्याने बोलले, कागदावर लिहिलंही. मग आरशात पाहिलं. चेहरा माझाच होता, डोळ्यांखाली काळं, दातात कोथिंबीर. मी कितीतरी वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही.

८

अकराव्या दिवशी भर दुपारी नणंदेचा फोन आला. ती धापा टाकत होती.

"वहिनी, दादा निघालाय. अनवाणी. शेजाऱ्यांच्या शेतातून सरळ. हाक मारली तर वळत नाही. आम्ही तिघांनी धरलं, तर तिघांना ओढत नेलं हो त्याने. हा आपला दादा नाही, वहिनी."

"कुठल्या दिशेने?"

"पाण्याकडे."

नकाशा मी प्रयोगशाळेतल्या टेबलावर आणून ठेवला होता. मी तिच्या घरापासून प्रयोगशाळेपर्यंत पट्टी लावली. रेषा जलाशयातून जात होती, नेमकी सगळ्यात रुंद भागातून. तिच्या घरापासून पाण्यापर्यंत चालत पाऊण तास. नवऱ्याला पोहता येतं, पण पोहायला हात हलवायचे असतात हे आठवलं तर.

मला त्याला थांबवता येणार नव्हतं. मी फक्त रेषा बदलू शकत होते. धरणाच्या भिंतीवरून रस्ता पलीकडच्या काठाला जातो. मी त्या काठाला पोचले, की त्याची रेषा पाण्यातून निघून काठाकाठाने येणार. धावत खाली आले, गाडी काढली. मागे वळून पाहिलं तेव्हा आकडेबुवा खिडकीत उभा होता. मला हात वगैरे करत नव्हता.

मी आयुष्यात तशी गाडी चालवली नाही. फोन बाजूच्या सीटवर चालू होता. नणंद त्याच्या मागे चालत होती आणि सांगत होती. कुंपण ओलांडलं. गुडघा फुटलाय. वहिनी, पाणी दिसतंय. वहिनी, लवकर या, काय करताय तुम्ही? मी तिला सांगितलं, मी येतेय, तू फक्त बोलत राहा. समोर ट्रक होता, त्याने वाट द्यायला अख्खा जन्म लावला. धरणाची भिंत दिसली तेव्हा ती ओरडली, "शिरला पाण्यात! घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. दादा, अरे दादा!"

मी गाडी भिंतीवर घातली. एका बाजूला जलाशय, ऊन पडून लखलखलेला. भिंत संपेपर्यंत मी आकडे मोजत होते, काय मोजत होते ते माहीत नाही.

"छातीपर्यंत," नणंद म्हणाली. ती रडत होती.

गाडी पलीकडच्या काठाला लागली.

"वळला!" ती किंचाळली. "वहिनी, वळला! बाहेर येतोय. काठाने चालतोय हो, चालतोय!"

मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. जमलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी केलं आणि ते जमलं.

९

काठाने रस्ता सरळ आहे. तो दुरून येताना दिसला तेव्हा मी गाडीबाहेर उभी होते. शर्ट अंगाला चिकटलेला, पायातून रक्त. पण चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी सगळं विसरले. लग्नाआधी तो मला भेटायला यायचा तेव्हा असा यायचा. त्याच्या मागे वीसेक पावलांवर नणंद होती. तिने फोन कानावरून खाली घेतला होता. तीही माझ्याकडेच बघत होती, पण अशा वेळी कोण दुसरीकडे बघेल?

पळावं, हे माझ्या मनात आलं होतं. मी पळाले तर तो मागे येणार, आणि मी कुठेही गेले तरी मध्ये विहिरी आहेत, रेल्वेचे रूळ आहेत, घाट आहेत. किती दिवस त्याची रेषा वाचवत फिरणार? आणि जवळ आला तर काय होईल, हेही मला ठाऊक होतं. दोन्हींपैकी एक निवडायचं होतं. मी जागची हलले नाही. मला तो हवा होता, थोडा वेळ तरी.

"आलो," तो म्हणाला.

"आलास रे बाबा," मी म्हटलं आणि हात पसरले.

तो मिठीत आला. गार, ओला, चिखलाचा वास येणारा. त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं. इतक्या जवळून मी त्याचे डोळे पाहिले. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ते त्यांच्याही पलीकडे, माझ्या आत कुठेतरी लागले होते, आणि तिथे जे होतं ते बघून तो हसत होता.

"पोचलास," मी म्हटलं. "अरे, मीच आहे. पोचलास तू. थांब आता."

माझी पाठ गाडीच्या दाराला लागली. त्याचं हाड माझ्या हाडावर रेटत होतं. बरगडीत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, त्याच्या की माझ्या ते कळलं नाही. मी त्याच्या खांद्यावरून खाली पाहिलं. डांबरावर त्याचे अनवाणी पाय अजून चालत होते.